उठलेल्यांची रांग

उठलेल्यांच्या रांगेत टेलरबाईंचा नंबर एकेचाळिसावा होता. पुढचे चाळीस जण जमेल तसे मेलेले दिसायच्या खटपटीत होते. एकानं मान वाकडी करून ठेवली होती, एकीनं जीभ बाहेर काढली होती, आणि अगदी पुढचा एक जाडा गृहस्थ मधूनमधून गुरगुरून बघत होता.

"सगळे नाटकी," टेलरबाई नणंदेच्या कानात म्हणाल्या. "आपल्याला सोंग आणायची गरजच नाही."

नणंदेनं त्यांचा डावा दंड घट्ट धरला होता. घरातून निघाल्यापासून सोडला नव्हता.

"वहिनी, लोक टीव्हीत दिसायला नटूनथटून जातात. तू प्रेत व्हायला निघालीस. जरा दम धरला असतास तर ते फुकटात झालं असतं."

"तेव्हा कॅमेरा तू आणणार होतीस का?"

दीड वर्षापूर्वी शिवणयंत्रावर बसल्याबसल्या टेलरबाईंची डावी बाजू गेली होती. हात दोन-तीन महिन्यांत वळणावर आला. पाय हट्टाला पेटला. "हा आता असाच ओढत राहणार," असं मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटता मिटता सांगितलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ. दुकानाला कुलूप लागलं. पलंगासमोर टीव्ही आला, आणि टीव्हीवर ती मालिका लागली.

जग बुडालेलं, शहरं ओस, मूठभर माणसं एका बंद बेकरीत जीव मुठीत धरून राहिलेली, आणि बाहेर मेलेली माणसं उठून चालताहेत. मालिकेत त्यांना उठलेले म्हणत. नणंद तोंडासमोर उशी धरून बघायची, तेही देखण्या नायकापुरतं. टेलरबाईंना नायकाचं काही पडलं नव्हतं. तो सारखा भाषणं करायचा. त्या बघायच्या उठलेल्यांकडे. पडले की उठतात. कुंपणात पाय अडकला तर पाय घेऊन पुढे जातात, नाहीतर तिथेच ठेवून जातात. कुरकुर नाही, औषधपाणी नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांना कुणी 'जपून हं' म्हणत नाही.

"मेलेली माणसं चालताहेत," पाचव्या भागाला त्या ताडकन म्हणाल्या होत्या, "आणि मी जिवंत असून पडून?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाग सुरू झाला की टेलरबाईही सुरू व्हायच्या. कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत. हॉस्पिटलकडून आठवड्यातून तीनदा एक पोरगी व्यायाम घ्यायला यायची. टेलरबाई तिला व्यायामवाली म्हणायच्या. चार दिवसांत तिनं बाईंचं वेड ओळखलं आणि त्यालाच कामाला जुंपलं.

"पायाकडे बघायचं नाही. उठलेले खाली बघतात?"

"छे!"

"त्यांच्या हातात कधी काठी बघितलीत?"

"नाही बुवा."

"मग ठेवा ती कोपऱ्यात."

तसे आठ सीझन पार पडले. नववा शेवटचा होता, आणि त्याचं चित्रीकरण शहराबाहेरच्या जुन्या गोदामात होणार होतं. 'उठलेले हवेत. अनुभवाची अट नाही,' अशी जाहिरात आली. टेलरबाईंनी ती कापून व्यायामवालीला दाखवली, तर ती पोरगी हसतच सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाच तुम्ही. फक्त सोंग करायचं नाही. आहे तसं चालायचं."

जाहिरात उशाखाली ठेवून टेलरबाई आठवडाभर झोपल्या. या वेळी घेतलं नाही तर पुन्हा संधी नव्हती, मालिकाच संपणार होती. "या पायानं माझं दुकान खाल्लं," त्या नणंदेला म्हणाल्या होत्या. "आता एकदा तरी त्यानं कामाला यावं."

"एकेचाळीस!"

टेबलामागचा टोपीवाला सकाळपासून चाळीस मुडदे बघून स्वतःच अर्धमेला झाला होता. शेजारी कॅमेरा उभा होता.

"त्या पिवळ्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत या."

नणंदेनं नाइलाजानं दंड सोडला. "जपून हं."

टेलरबाईंनी समोरच्या भिंतीवर नजर रोवली आणि निघाल्या. पट्टी आली. वळल्या. परत आल्या. एकदाही थांबल्या नव्हत्या.

टोपीवाल्यानं कपाळ खाजवलं. "पुन्हा एकदा. आणि मावशी, पाय ओढा जरा."

"ओढतेय की."

"कुठे?"

"हा काय, डावा!" टेलरबाईंचा आवाज चढला. "दीड वर्षं ओढतेय!"

नणंद तरातरा पुढे आली. "अहो, ओढते ती! आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मी काय उगीच हिला धरून फिरते?"

मागची प्रेतं खिदळायला लागली. टोपीवाल्यानं वाद घातला नाही. त्यानं कॅमेऱ्याचा छोटा पडदा दोघींकडे वळवला.

पडद्यावर जांभळ्या स्वेटरमधली एक बाई चालत होती. डावी टाच टेकत होती, मग चवडा, मग पाय अलगद उचलला जात होता. पट्टीपाशी ती बाई कशालाही न धरता वळली. टेलरबाईंनी आधी स्वेटर ओळखला, मग बाई. नणंदेचा हात सवयीनं दंडाकडे निघाला आणि हवेतच थांबला.

"परत लावा," टेलरबाई म्हणाल्या.

त्यानं लावलं.

"अजून एकदा."

"मावशी, मागे रांग आहे." टोपीवाल्यानं यादीतला एकेचाळीस आकडा खोडला आणि दुसऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं. "उठलेल्यांत तुम्ही नाही शोभत. त्या पलीकडच्या दारानं जा. पळून जाणारी जिवंत माणसं तिकडे जमताहेत."