एकही खिळा नको

"साब, इसमें कील नहीं लगता," जमाल तिसऱ्यांदा म्हणाला.

डीनने मोबाइलमधून मान वर केली नाही. वसई सोडून दुबईला येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. त्याची कंपनी प्रदर्शनं उभारायची. या वेळी एका संग्रहालयाला आठशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी गलबताची हुबेहूब प्रतिकृती हवी होती, अठरा फुटांची. फळ्यांना कडेने भोकं पाडायची, त्यांतून काथ्याची दोरी ओवायची आणि अख्खं गलबत गोधडीसारखं शिवायचं. अशाच गलबतांतून मलबारची मिरी बसऱ्याला जायची म्हणे. एकही लोखंडी खिळा नको, ही करारातली पहिली अट.

"दोरीने बांधलेलं लाकूड," डीन ऑफिसातल्या पामेलाला म्हणाला. "आणि बनवणारा हा. सही करायला दहा मिनिटं लागतात त्याला."

"त्याचे आजोबा हेच काम करायचे, डीन."

"दिसतंय ना काय कमावलं ते."

जमाल केरळातल्या बेपूरचा, साठी उलटलेला. फळ्यांना चोपडायच्या माशाच्या तेलाचा वास त्याच्या अंगाला कायमचा चिकटला होता. डीन त्याच्याशी बोलताना दोन पावलं मागे उभा राहायचा.

शुक्रवारी जमाल नमाजाला गेला तेव्हा नुसत्या दोरीवर भरवसा नसलेल्या डीनने जबल अलीहून दोन सुतार बोलावले. त्यांनी गलबताच्या बुडाला चाळीस खिळे आरपार ठोकले आणि वरून काथ्या दाबून बसवला.

"कोण बघतंय?" डीन म्हणाला.

सोमवारी जमालने ते पाहिले. डीन तेव्हा अबूधाबीला होता. जमालने दोनदा फोन केला; डीनने दोन्ही वेळा कापला.

गुरुवारी संग्रहालयाच्या शहनाझ मॅडम तपासणीला आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, मराठी सफाईने बोलणाऱ्या. त्यांनी पर्समधून चुंबक काढलं आणि वाकून एकेका फळीवरून फिरवायला सुरुवात केली. डीनची नजर चुंबकावरून हलेना.

चुंबक कुठेच चिकटलं नाही.

म्हणजे म्हाताऱ्याने खिळे उपटले. नोकरी जाईल म्हणून टरकला असणार, डीनला वाटलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"सुरेख झालंय," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात कधी सोडताय?"

"आत्ताच. मी स्वतः बसतो."

"साब, एक बात..." जमाल पुढे आला.

"खलास, चाचा. तुम्हारा काम हो गया. पीछे जाओ, मॅडम को बास आएगी."

"साब, पानी में..."

डीनने त्याच्याकडे न बघताच हात वर करून त्याला थांबवलं. मग तो गलबतात चढला, टाय नीट केला आणि गलबत खाडीत ढकलायला उतारावर थांबलेल्या माणसांना म्हणाला, "यल्ला."

गलबत घसरत खाडीत शिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डीन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. वाऱ्याने गलबत काठापासून बरंच आत गेलं.

पामेला जमालकडे वळली. "क्या बोलना था, चाचा?"

जमाल खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत पाण्याकडे बघत होता.

"कील मैंने निकाल दिया," तो म्हणाला. "छेद भरना बाकी है."