चिमणीचा निरोप

"ही काय ज्योत आहे? कावीळ झाल्यासारखी!" वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये जाड काचेआडून डोकावत ऑपरेटर लेनगुरे पुटपुटले. धुरातला नायट्रोजनचा तपकिरी, विषारी वायू कमी व्हावा म्हणून नव्या बर्नरची हवा मुद्दाम कमी केली होती. लेनगुऱ्यांना सवय पांढऱ्याशुभ्र जाळाची. हा मंद जाळ विझला तर अख्खं युनिट बंद पडणार. विझला नाही, पण मनातली अढी घेऊनच ते शिफ्ट संपवून कॉलनीत परतले.

घरी तवा थंड. बायको पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होती.

"इतक्यात कसे आलात? युनिट बंद पडलंय ना?"

"कोण म्हणालं?"

तिने वीजकेंद्राच्या उंच चिमणीकडे बोट दाखवलं. कॉलनीतल्या बायका चिमणी बघूनच भाकऱ्या टाकायच्या. तपकिरी धूर दिसला की नवरा वेळेवर. नाही दिसला की युनिट बंद, नवरा अडकला.

आज चिमणीवर नुसतं निळं आभाळ होतं.

लेनगुरे वर बघत राहिले. मग तिच्या शेजारी टेकले.

"युनिट जोरात चालू आहे," ते म्हणाले. "आता चिमणी काही सांगायची नाही. निघताना मीच फोन करत जाईन."