वळणाच्या अलीकडे

पोलिसाने हात दाखवला तशी उल्काने मोटरसायकल कडेला घेतली. मागे बसलेला श्रीरंग लगेच म्हणाला, "तरी सांगत होतो, हळू चालव."

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे जाणारा तो रस्ता सकाळपासून मोकळा होता. साताऱ्याहून इतक्या लांब आलेल्या उल्काला वेग आवरला नव्हता.

पोलिसाने शांतपणे दंड केला. "पण रस्त्यावर कुणीच नाहीये," ती इंग्रजीत कुरकुरली.

"वळणापलीकडे बघितलंत?" म्हणत तो दोघांना चालत तिथवर घेऊन गेला.

डोंगरावरून रेनडिअरचा कळप खाली उतरत होता. शेकडो जनावरं अख्खा रस्ता व्यापून समुद्राकडे चालली होती. त्यांच्या पायांच्या हलक्या टकटकीखेरीज कसलाच आवाज नव्हता. एक पिल्लू मधोमध थबकलं आणि उल्काकडे टक लावून बघू लागलं. आपण न थांबता आलो असतो तर नेमके याच्यावर येऊन आदळलो असतो, हे तिला कळलं. पिल्लाची आई मागे फिरली, त्याला नाकाने ढकलत घेऊन गेली.

श्रीरंगने तिचा हात घट्ट धरला. "अगं, संपतच नाहीत गं," तो पुटपुटला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

शेवटचं जनावर दिसेनासं झालं, तरी कुणी हललं नाही.

"तुम्हाला याची सवय असेल," उल्का म्हणाली.

पोलिसाने मान हलवली. आपली टोपी त्याने केव्हाच काढून छातीशी धरली होती.

"नाही," तो म्हणाला, "अजून नाही झाली."