समोरचं छप्पर

वळचणीला गोठलेल्या पागोळ्या ऑर्व्हिल फावड्याने फोडत होता आणि खाली त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या, तोंडाचा पट्टा सुरू होता.

"वारा येतो म्हणून माळ्याचे झरोके बुजवलेस. आता ऊब वर कोंडतेय आणि छपरावरचा बर्फ वितळतोय! समोर त्या आर्डिस म्हातारीचं छप्पर बघ, थेंब गळत नाही. सोमवारी तुला हीटर बघायला बोलवत होती, तर म्हणालास वेळ नाही. गेला असतास तर चार गोष्टी शिकून आला असतास!"

शेवटी नाक मुठीत धरून तो समोर गेला. हाक मारली, दार लोटलं. किटलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. आर्डिस कोट, टोपी, हातमोजे घालून खुर्चीत बसली होती. डोळे उघडेच.

"विचारलंस का?" रस्त्यापलीकडून मार्लिस ओरडली. "छप्पर एवढं गार कसं ठेवते म्हणून?"