केसाएवढी रेघ

"शेवटचा 'ज्ञ' तेवढा राहिलाय, मालक संध्याकाळी टपकणार, आणि हे मेलं धुकं काही उठत नाही," असं पुटपुटत म्हातारीनं नवऱ्याच्या टेबलाशी बूड टेकलं. नवरा जेवून आत आडवा झाला होता.

मोठ्या मथळ्यांसाठी अक्षरांचं नवं वळण होतं ते. खांब मुसळासारखे जाड, त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या, टोकांना चिमणीचे पाय. छापखान्याच्या मालकाला पसंत पडलं, तर वळणाला म्हाताऱ्याचं नाव लागणार होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या रंगवल्या, आता कुठं स्वतःचं.

पण म्हाताऱ्याला बारीक दिसेनासं झालेलं. खांब झोकात काढायचा आणि रेघांच्या जागी कोरडाच कुंचला फिरवून समाधानानं झोपायचा. मग म्हातारी रेघा भरायची. त्याला कळू दिलं नव्हतं. पुरुषाचा मान काचेचा असतो.

खिडकीत धुकं साचलं होतं. कित्येक दिवस असंच. समोरची झाडं कापसात ठेवल्यागत, दिव्याभोवती चांदण्याचं कडं. त्या मऊ उजेडात अक्षरं तरंगायची आणि तिचा हात आपोआप चालायचा.

"सूनबाई, काचा कधी पुसणार? पुढच्या जन्मी?"

"सकाळीच पुसल्या, आई."

"मग फडकं झोपलं असेल. टेबल मात्र रोज तासभर पुसतेस! त्याच्याशी लग्न लागलंय का?"

"मळतं ना, आई." सुनेनं शाईचं बोट मुठीत घेतलं.

म्हातारीनं श्वास धरला आणि रेघ ओढली. हलकी, अलगद, झोपेत ओढावी तशी.

तोच दार वाजलं. मालक दोन तास आधीच आला होता, रुमालानं मान पुसत.

"एवढ्या धुक्यात आलात!" म्हातारी म्हणाली.

मालकानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

म्हातारा उठून आला. मालकानं भिंग लावून एकेक अक्षर पाहिलं.

"बाबा, खांब झकास आहेत. पण या रेघा! अशी रेघ मी जन्मात पाहिली नाही."

"हात बसलाय," म्हातारा लाजून म्हणाला.

कुणाचा ते मला विचार, म्हातारी मनात म्हणाली आणि पाठ ताठ करून बसली.

"आता शेवटचं दाखवा."

सून फडकं घेऊन धावली. "थांबा, आधी टेबल पुसते!" फडक्यातून एक बारीक कुंचला निसटून फरशीवर पडला.

"हो बाजूला!" म्हातारीनं तिला आडवा हात घातला. "शाई ओली आहे अजून. बघू दे त्यांना."

मालकानं कागद उचलला. त्यावर नुसता जाड खांब होता. रेघ चार बोटं लांब, टेबलावर, लख्ख उन्हात वाळत होती.