चालणाऱ्यांची लिफ्ट

"आजचं चालणं पुरेसं झालेलं नाही. कृपया जिन्याने जा," लिफ्ट अच्युतरावांना गोड आवाजात म्हणाली, पण दार काही उघडलं नाही.

"आणखी बसा दिवसभर घरात!" भाजीची पिशवी सावरत शरयूताई नवऱ्यावर करवादल्या. शहरातल्या सगळ्या लिफ्ट आता समोर येणाऱ्याच्या मनगटावरचा चालणं मोजणारा पट्टा तपासूनच उघडत. कमी चालणाऱ्यांना स्मृतिभ्रंश जास्त होतो, असा अहवाल संख्याशास्त्राच्या प्राध्यापक शरयूताईंनीच दिला होता. त्यावरूनच हा नियम झाला होता.

पहिल्याच वळणावर अच्युतराव जिन्यात बसले.

"अहो, रोज टेकडी चढायचात तुम्ही. का सोडलंत फिरणं?"

"परतीचा रस्ता सापडेनासा झाला गं. लोकांना विचारत घरी यायचो. तुला सांगायची लाज वाटली. म्हटलं, आळशी म्हणालीस तरी चालेल."

शरयूताई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. माणसं बसून राहतात म्हणून विसरतात, की विसरायला लागतात म्हणून बसून राहतात? अहवालाच्या बैठकीत एका मुलीने नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी तिला हसण्यावारी नेलं होतं. आणि घरी येऊन ह्यांना टोमणे मारले होते.

त्यांनी अच्युतरावांना हाताला धरून खाली आणलं आणि त्यांचा पट्टा काढून स्वतःचा त्यांच्या मनगटावर बांधला. दार लगेच उघडलं.

"शाब्बास! तुमची स्मरणशक्ती सुरक्षित आहे," लिफ्ट म्हणाली.

अच्युतराव खूश झाले. मग बटणांकडे बघत हळूच म्हणाले, "आपला मजला कितवा गं?"