बुजवलेल्या नळीची रायफल

या माउली, बुवा कीर्तनाला उभे राहीपर्यंत जवळ बसा, एक गोष्ट सांगतो.

रोह्याच्या शरदरावांकडे आजोबांची लढाईतली रायफल वारशानं आली. तिची नळी कायमची बुजवलेली.

खंडेनवमीला त्यांनी ती तेल लावून पुसली, तर नुकताच बार उडाल्यासारखी ताजी काजळी फडक्याला लागली.

"अहो, पोलिसांत देऊन टाका," त्यांच्या पत्नी श्यामलावहिनी म्हणाल्या.

"वितळवतील गो ते! आणि बुजल्या नळीला काय भ्यायचं?"

नळीचं तोंड भिंतीकडे करून त्यांनी रायफल पूजेच्या पाटावर ठेवली. वहिनी ओवाळायला आल्या, तोवर नळी त्यांच्याकडे वळलेली. त्या बाजूला सरकल्या. नळीही सरकली.

शरदराव वहिनींच्या पुढे जाऊन उभे राहिले. चाप आपोआप मागे जाऊ लागला.

देवापुढे हात जोडाल तेव्हा शरदरावांची आठवण ठेवा.